कमरेची गोळी आणि तेरवीआधीचं रडणं

माझी बायको गेली तेव्हा मी फार रडलो, असं आमच्या नात्यात सगळे सांगतात. त्या रडण्यात तिचं किती होतं आणि गोळीचं किती, हे त्यांना ठाऊक नाही. मलाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं, आणि राग त्याचाच होता.

सावनेरकडच्या कोळसा खाणीत मी जन्म काढला. छतातला दगड कमरेवर बसला, तेव्हापासून कंबर माझी राहिली नाही. ऑपरेशन झालं, पट्टा झाला, कोणाकोणाची तेलं चोळून झाली. शेवटी एका डॉक्टरने कॅप्सूल दिली, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. ती घेतली की मी मांडी घालून जेवू शकत होतो, माणसांवर न खेकसता बोलू शकत होतो. सकाळ-संध्याकाळ बायको ती हातावर ठेवायची, मी गिळायचो. नाव कधी विचारलं नाही. घरात तिला 'कमरेची' म्हणायचे, बस. चिठ्ठी, दुकान, डॉक्टरकडची फेरी, सगळं बायको पाहायची. मी चौथी शिकलेला. इंग्रजी अक्षरं मला मुंगळ्यांसारखी दिसतात.

बायकोच्या साखरेच्या आणि हृदयाच्या गोळ्या आणि माझी कमरेची, सगळं एकाच डब्यात असायचं. प्रताप नगरच्या आमच्या भाड्याच्या घरात ती स्वयंपाकघरातच गेली, कुकर उतरवता उतरवता.

आमच्यात मेलेल्या माणसाचं अंथरूण आणि औषध घरात ठेवत नाहीत. ठेवलं तर दुखणं घर सोडत नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी घर धुतलं, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने गादी बाहेर काढली आणि डबाही कचऱ्याच्या गाडीत टाकला. तिच्या गोळ्या, माझ्या गोळ्या, चिठ्ठ्या, सगळं त्यात. कोणाला विचारलं नाही. दुखणं मात्र घर सोडून गेलं नाही, ते माझ्या अंगात घुसलं.

डबा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून धार लागली. नाक गळायला लागलं. शिंका. अंगावर काटा, जसा कोंबडं सोलल्यावर दिसतो. पाय एका जागी ठरेनात. पोटाचं तर बोलूच नका. कंबर अशी उठली की दगड आजच पडला. लोक बसायला येत होते, तिचे गुण सांगत होते, आणि मी त्यांच्या तोंडावर जांभया देत होतो.

बहीण पदर डोळ्याला लावून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "पाहा वं, कसा रडून राहिला दादा. वहिनीवर लय जीव होता त्याचा."

"कंबर दुखून राहिली माझी!" मी ओरडलो. "माही गोळी कुठी हाय?"

"दादा, आता गोळीनं का होते? मनाचं दुखणं हाय हे."

बाया हळहळल्या. जिवंतपणी तिच्यासमोर मी कधी डोळे ओले केले नव्हते, आणि आता आख्खी गल्ली माझं कौतुक करत होती. मला त्या सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं.

पोरगा एका खासगी कंपनीत आहे, शिकलेला आहे. तो म्हणाला, "बाबा, गोळीचं नाव सांगा न."

"हिरवी-पिवळी."

"हिरव्या-पिवळ्या हजार राहतात बाबा." आणि तापाची गोळी आणून दिली. मी ती त्याच्यासमोर थुंकली.

मग पारशिवनीहून आलेल्या बायकोच्या भावाला, माझ्या साळ्याला घेऊन मी भिंत धरत धरत ती जायची त्या औषधाच्या दुकानी गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, गोळीही ओळखली. "काका, ही नशेच्या औषधात मोडते. चिठ्ठीशिवाय देता येत नाही. काकू दर वेळी चिठ्ठी आणत."

साळ्याने एवढ्यातला एकच शब्द ऐकला. घरी येऊन मंडळीत बसल्याबरोबर तो बोललाच, "भाऊजी नशेच्या गोळ्या खाते."

एका क्षणात सगळं फिरलं. काल मी देवमाणूस होतो. आता बाया पदर सावरून माझ्यापासून सरकून बसल्या. आणि बहीण, जिने माझ्या रडण्याची जाहिरात केली होती, तीच म्हणाली, "म्हणजे तू वहिनीसाठी नोयता रडत? गोळीसाठी रडून राहिला होता का गा?"

"तूच फेकला ना वं डबा!" मी म्हणालो. पण ते उत्तर नव्हतं, हे मलाच समजत होतं. तिचा प्रश्न बाभळीच्या काट्यासारखा आत गेला आणि तिथेच मोडला. गोळीसाठी रडलो असेन, तर मग बायकोला काय दिलं मी?

दुसऱ्या दिवशी पोराने मला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे जुन्या दुखण्याची वेगळी ओपीडी असते. डॉक्टरीण माझ्या पोराच्याच वयाची. मी आधीच तापलेलो. "नशेडी आणला म्हणून लिहा," मी म्हणालो.

"कधी जास्तीच्या घेतल्या का बाबा? लपवून?"

"बायको देत होती तेवढीच."

"मग नशेडी काहून म्हणू मी तुम्हाले?" मग तिने पोराला खडसावलं. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते. शरीर तिच्यावर टेकलेलं असतं, टेकू काढला की ते बोंबलतं. डोळ्याचं पाणी, शिंका, काटा, जुलाब, सगळं त्याचंच. थोडी सुरू करायची, मग हळूहळू उतरवायची, मध्ये शरीराला निवू द्यायचं. सोबत व्यायाम, शेक, चालणं. "दुखणं पूर्ण जाणार नाही," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत."

मी तिला विचारलं, "मॅडम, ते पाणी गोळीचं, तर माह्या बायकोचं कोणतं?"

ती म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार, बाबा."

मग शिकून काय केलंस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पोराने दंड दाबला.

तेरवीच्या पंगतीत साळा वडा खात खात पोराला सांगत होता, नशामुक्ती केंद्र चांगलं असते, ठेवून दे बापाले, सुधरते. मी उठलो आणि माझ्या गिलासातलं पाणी त्याच्या ताटात ओतलं. तेव्हापासून तो आमच्याकडे आलेला नाही. बरं झालं.

गोळी उतरवणं म्हणजे खाणीच्या पायऱ्या पाठमोरं उतरणं. प्रत्येक वेळी कमी केली की आठवडाभर नाक, काटा, पायांची तळमळ. पोरगा पाकीट कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि हातावर एक ठेवतो, जणू मी चोर आहे. मी शिव्या देतो, तो ऐकून घेतो. पण एक गोष्ट मी शिकलो. गोळीचं पाणी शिंकेबरोबर येतं. त्याला कोणाची आठवण नसते.

मागे एका सकाळी बाजारात गेलो. गोळी बरेच दिवस तेवढीच होती, अंग शांत होतं, कंबर नेहमीसारखी कुरकुरत होती. सांबाराची हिरवी जुडी घेतली, मिरच्या घेतल्या. भाजीवालीने न मागता फोडणीच्या गोडलिंबाची काडी पिशवीत टाकली. "बाईले वरणात लागतेच."

"ती मेली," मी म्हणालो.

तिचा हात पिशवीवर तसाच राहिला. आणि मला रडू आलं, भर बाजारात, बांगड्यांच्या हातगाडीसमोर. तिने खोका उलटा करून पुढे सारला, "बसा बाबा." मी बसलो. शिंकेची वाट पाहिली. आली नाही. अंगावर काटाही नव्हता. दुखत होतं ते छातीत, कमरेत नाही. लोक पाहत होते, मी पाहू दिलं.

घरी पोराने डोळे पाहिले. "बाबा, परत त्रास सुरू झाला का? डॉक्टरीणबाईला विचारू? मागे गोळी कमी केली, त्याचंच असेल."

"हो," मी म्हणालो, "गोळीचंच हाय," आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

बाजारातलं हे रडणं बहिणीला तर मी मरेपर्यंत सांगणार नाही. तिने तिचं ठरवलं आहे, तिचं तिच्याजवळ राहू दे.