सासूबाईंचं बोट

आमच्या घरात देवघराशेजारच्या कोनाड्यात एक ट्यूब असायची. तिच्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. खाज, गळू, चटका, चपलेनं सोललेलं, सगळ्याला ती एकच. माझ्या धाकट्या नणदेनं तर लग्नाआधी रंग उजळायला म्हणून ती तोंडाला चोपडली होती. संपली की मानवतला बाजाराला निघालेल्याच्या हाती रिकामी ट्यूब द्यायची, औषधवाला ती बघून तशीच नवी द्यायचा. चिठ्ठी मागण्याचा आगाऊपणा त्यानं कधी केला नाही.

पण खरा मान ट्यूबला नव्हता, तो सासूबाईंच्या उजव्या हाताच्या बोटाला होता. त्यांच्या हाताला गुण आहे, अशी अख्ख्या गल्लीची खात्री. मलम कुणाचंही असो, काकूंनी लावलं तरच उतार पडतो. शिवाय दिवेलागणीनंतर मीठ, दही, सुई घराबाहेर द्यायची नाही, त्या यादीत त्यांनी ट्यूबही घातली होती. त्यामुळे संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी दवाखाना भरायचा. मेंढरामागं हिंडणाऱ्याची चिघळलेली टाच, मग शेजारणीच्या लेकराचं कानामागचं गळू, मग कुणाची काख. बोट तेच. मधेमधे ते पदराला पुसलं जायचं, आणि त्याच पदरानं शेवटी माझ्या लेकीचं नाक पुसलं जायचं. हात धुवावेत असं मी एकदा सुचवलं, तर त्यानं गुण धुऊन जातो असं कळलं. आमचे हे बी.एस्सी. झालेले. ते समोरच पेपर वाचत बसले होते, त्यांनी पान उलटलं.

मग पावसाळा सरताना माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या नाकाखाली पुटकुळी आली, फुटली आणि तिच्यावर मधासारखी पिवळी खपली धरली. घरचंच गिऱ्हाईक म्हणून सासूबाईंनी हात सैल सोडला आणि मलम थापलं. खाज थांबली, लाली उतरली. गल्लीनं माना डोलावल्या. आठवड्याच्या आत खपल्या गालावर आणि हनुवटीवर पसरल्या, आणि एका सकाळी तिचा डोळा सुजून बंद झाला. दृष्ट लागली, असं निदान झालं. पोरीचा डोळा जातो की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी तिला घेऊन परभणीची एसटी धरली. सासूबाईही निघाल्या, ट्यूब कनवटीला खोचून. शहरातल्या डॉक्टरणीला काहीतरी शिकवून यावं, असाच त्यांचा थाट होता.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीचा डोळा तपासला. डोळा शाबूत होता, सूज वरच्या कातडीची होती. मग ट्यूब मागून तिच्यावरचं बारीक अक्षर त्यांनी वाचलं. यात स्टेरॉइड मिसळलंय, म्हणाल्या. त्यानं खाज आणि लाली दबते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि आतला जंतू मोकाट सुटतो. मग हे लावतं कोण, असं त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मोठ्या ऐटीत हात पुढं केला. "मी. माझ्या हाताला गुण हाय."

बाईंनी तो हात उजेडात धरला. नखाच्या कडेला तसलीच पिवळी खपली होती. "आजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुमच्या बोटावरून तिच्या तोंडावर गेलंय."

मग त्यांनी पोटात घ्यायचं औषध दिलं आणि नवं मलम दिलं, आजी-नातीला वेगवेगळं. ते कसं लावायचं तेही सांगितलं. आधी साबणानं हात धुवायचे. खपली कोमट पाण्यानं भिजवून अलगद काढायची, जागा टिपून कोरडी करायची. मलम पातळ, जखमेपुरतंच. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही. लावल्यावर पुन्हा हात धुवायचे. टॉवेल ज्याचा त्याचा. बरं दिसलं म्हणून मधेच सोडायचं नाही, आणि उरलं म्हणून शेजारी वाटायचं नाही.

परतीच्या गाडीत सासूबाई हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. असं काहीतरी व्हावं, ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. पण आनंद काही होईना, उलट त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी उंबऱ्याशी माणसं जमली. "हात धुवा अन् दवाखान्यात जावा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात गुण न्हाई राह्यला." गल्ली नाराज झाली. परभणीच्या बाईनं काकूंवर काहीतरी केलं म्हणे. लवकरच चार घरं सोडून एका बाईच्या हाताला गुण असल्याचा शोध लागला आणि रांग तिकडं हलली.

पोरीची सूज उतरली, खपल्या गळाल्या. सासूबाईंचं बोटही बरं झालं, पण त्या नातीला हात लावीनात. पोरगी जवळ गेली की हात पाठीमागं. मलमाच्या शेवटच्या दिवशी मी ट्यूब घेऊन बसले, तर पोरीनं तोंड फिरवलं. तिला आजीच पाहिजे होती.

सासूबाई उठून मोरीत गेल्या. साबण लावून मनगटापर्यंत हात चोळचोळून धुतले, आपल्या टॉवेलला पुसले आणि नातीसमोर बसल्या. बोटावर मुगाएवढं मलम घेतलं. लावून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "बराबर लागलं का?"