लख्ख काच

आमच्या बायोगॅस प्लान्टवर गॅस धुणाऱ्या टाकीला एक छोटी काच आहे. आत प्लास्टिकच्या कड्यांवर पिवळट, बुळबुळीत थर असायचा. तो थर म्हणजे जिवाणू. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी वायू ते खायचे आणि त्याचं गंधक करून ठेवायचे.

आज सकाळी पाहिलं तर कडी पांढरीशुभ्र होती. टाकी सांभाळणारे तुकाअण्णा फडक्याने काच पुसत होते.

"उद्या मोठे साहेब बघायला यायचेत, म्हणून काल ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवलं," ते म्हणाले. "किती वर्षांची घाण होती."

मला रागावताही आलं नाही. वडील गेल्यावर त्यांची खोली आम्हीही अशीच एका दिवसात धुऊन काढली होती. तंबाखूचा वास, तेलकट उशी, भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला डाग, सगळं घालवलं. खोली छान दिसायला लागली आणि मग तिच्यात कुणी बसेना. आता तिथे आम्ही रिकामी खोकी ठेवतो.

"अण्णा, ती घाणच काम करत होती," मी म्हणालो. "आता तो वायू तसाच पुढे जाणार आणि वीज बनवणारं इंजिन आतून खाणार."

अण्णांचा हात थांबला. "मग ती परत धरेल ना?"

मी वाकून काचेतून आत पाहिलं. मी बाजूला झाल्यावर अण्णा पुन्हा काच पुसायला लागले. आत बघण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.