खतातल्या अक्षता

"काहून बे, खतच तर हाय. बाँब थोडीच हाय?"

खत परदेशात पाठवायला सरकारची परवानगी लागते, असं मी सांगितलं तेव्हा माझा भागीदार असं म्हणाला होता. अर्धं आयुष्य पुण्यात काढलं, पण त्याच्या तोंडातलं वऱ्हाड काही गेलं नाही. आम्ही कसब्यातली माणसं. आमच्याकडे 'बे' म्हटलं की आधी हात उगारतात, मग विचारतात. सुरुवातीला मीही उगारायचो. नंतर तो एखादा दिवस 'बे' म्हणाला नाही, तर मला वाटायचं, याला बरं नाहीये की काय.

आमचं कसबा पेठेत तेलाचं आणि पेंडीचं दुकान, अब्बांच्याही आधीपासूनचं. निंबोळीचं तेल काढलं की जी पेंड उरते, ती झाडांना फार चांगली. तो कात्रजला एका गोठ्यावर नोकरीला होता. एकदा मंडईतून भाजी घेऊन येताना दुकानात शिरला, पेंडीचा खडा जिभेवर ठेवला, थुंकला आणि म्हणाला, "भेसळ नाही बे याच्यात." मी म्हणालो, "भेसळ हवी असेल तर पुढच्या दुकानात मिळेल." तो तिथेच हसत बसला, चहा पिऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी शेणखताची पिशवी घेऊन परत आला. त्याचं शेण, माझी पेंड. कात्रजच्या पुढे एक शेड भाड्याने घेतली, दाणे पाडायचं मशीन आणलं, आणि आम्ही दोघं खतवाले झालो. माझ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्याच्या गावाकडे तर म्हणे पारावर चर्चा झाली, की शिकलासवरला पोरगा पुण्याला जाऊन शेण वळतोय. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. सण असो की लग्न, तो गावाला जायचं टाळायचा. जायचाच झाला तर बायकोला पुढे पाठवायचा आणि आपण मांडवात मागच्या खुर्चीवर बसायचा.

म्हणून ती परवानगी. पुण्यात शिकायला आलेला एक आखाती मुलगा आमच्या गल्लीत भाड्याने राहायचा. त्याच्या वडिलांच्या खजुराच्या बागा. ते एकदा मुलाला भेटायला आले, दुकानात डोकावले, खत हातात घेऊन चुरडलं, वास घेतला आणि म्हणाले, एक कंटेनर पाठवा, बघू. झालं! माझा भागीदार त्या दिवशी शेडमध्ये नुसता नाचायचा बाकी होता. "आपला माल देशाबाहेर गेला न बे, की मी गावाले जाईन. पुढच्या खुर्चीवर बसीन." पन्नाशी उलटलेला माणूस, आणि सगळी हाव कसली, तर मांडवातल्या पुढच्या खुर्चीची. मी त्याची भरपूर टिंगल केली. पण खरं सांगतो, ती खुर्ची त्याला मिळावी असं मला त्याच्याइतकंच वाटायला लागलं होतं.

सरकारी कचेरीच्या पायऱ्या आम्ही किती झिजवल्या, त्याचा हिशोब ठेवला नाही. दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. एक, हे खत म्हणजे खरोखर खतच आहे. दोन, त्यात किडा, माती, बी-बियाणं असलं काहीही नाही. कारण तिकडच्या सरकारला आपल्याकडचं तण आणि आपल्याकडची कीड नको असते. मला ते पटतं. आमच्याकडे नको असलेलं बरंच काही बाहेरून येतंच की.

खिडकीवरच्या बाईंनी माझं नाव वाचलं, माझं बोलणं ऐकलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो!"

"तुमचंही वाईट नाही," मी म्हणालो.

भागीदाराने पायाने माझा पाय दाबला. "शेठ, परवानगी पाह्यजे न आपल्याले? मंग तोंड शिव." तो मला शेठ म्हणायचा, आणि तेही फक्त चारचौघांत, मला चिडवायला.

अखेर तपासणीचा दिवस ठरला. साहेब शेडमध्ये येणार, पोत्यांतून नमुना काढणार, त्याला सील ठोकणार, मग तो प्रयोगशाळेत जाणार. आम्ही शेड झाडून लख्ख केली. शेणखताच्या शेडमध्ये इतकी स्वच्छता की मुंगीला लाज वाटावी. दाणे चाळले, पुन्हा चाळले, पोती भरली. आणि मग त्याने पितळी वाटी काढली. कुंकवात भिजवलेले तांदूळ. त्याच्या आईकडची रीत होती, पोतं भरलं की तोंड शिवायच्या आधी त्यात चिमूटभर अक्षता टाकायच्या. धान्याचं असो, सरकीचं असो. घरातून बाहेर जाणारं पोतं रिकाम्या कपाळाने जाऊ नये म्हणून. आमच्या धंद्यातल्या पहिल्या पोत्यापासून तो हे करत आला होता, आणि शेतकऱ्यांची कधी तक्रार आली नाही. त्या दिवशी तर त्याने एकेका पोत्यात दोनदा हात घातला. त्याची बायको नमस्कार करत होती, कामाच्या बायका नमस्कार करत होत्या, मी एका कोपऱ्यात लोबान लावला होता. तो म्हणाला, "घ्या, दोन्हीकडून वशिला लागला." आम्ही सगळे हसलो. तिथे आम्ही एवढी माणसं होतो, आठवडाभर किडा-बी-माती, किडा-बी-माती असा जप करणारी. एकाच्याही डोक्यात आलं नाही की तांदूळ हेही धान्य आहे.

साहेबांनी परखी काढली. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची पोकळ सळई, आतला माल तिच्यात येतो. दहा पोत्यांत खुपसली, नमुना पिशवीत भरला, लाख वितळवून सील केला. चहा घेतला नाही. चांगला माणूस.

नमुना नापास झाला. साहेबांनी आम्हाला बोलावलं, समोर बसवलं आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "अहो, खत पाठवताय की लग्नाचं आमंत्रण?"

आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं, नमुन्यात तांदूळ सापडले. लाल. तांदूळ का, हा एक प्रश्न. लाल का, हा दुसरा. लाल म्हणजे कुठलं रसायन?

माझा भागीदार पांढरा पडला. पण गप्प बसेल तर तो कसला! "साहेब, तांदूळ उगवत नाही. भात उगवते. साल काढल्यावर त्याच्यात जीवच राह्यत नाही."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "मीही जेवतो. पण हे तिकडच्या सरकारला कोण समजावणार? तुम्ही?"

पुन्हा माल साफ करा, पुन्हा अर्ज करा, पुन्हा नमुना. एवढं सांगून त्यांनी पुढची फाइल ओढली. बाहेर आल्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "मायची रीत होती बे." मी म्हटलं, "तुझ्या आईने ज्वारी भरली होती, एक्स्पोर्ट नव्हतं केलं!" यावर तो हसला. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. सगळी पोती फोडली. चाळण लावली तर खताचे दाणे आणि तांदूळ एकाच मापाचे, दोन्ही खाली पडायचे नाहीतर दोन्ही वर राहायचे. मग सुपं आणली. त्याची बायको, माझी बायको, कामाच्या बायका, तो आणि मी, सगळे भर उन्हाळ्यात पत्र्याखाली मांडी घालून बसलो. जगात लोक तांदळातले खडे निवडतात, आम्ही खतातले तांदूळ निवडले. बायका गाणी म्हणायच्या, मी करवादायचो, तो मात्र मान वर करत नव्हता. आम्ही उठलो तरी तो उठायचा नाही. दुपारी डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा. मी म्हणायचो, "अरे, जेव. तांदूळ पळून जात नाहीत." तर म्हणायचा, "माह्या हातानं टाकले न, माह्या हातानं काढतो."

एक एक करत त्याने ते सगळे काढले. दुसऱ्यांदा नमुना घेताना साहेबांनीच मूठभर खत उन्हात धरून पाहिलं आणि मान डोलावली. तेव्हा त्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मी साहेबांसमोर ओरडलो.

नमुना प्रयोगशाळेत असतानाच तो गेला. पहाटे अंघोळीला पाणी काढत होता, छातीत दुखतंय म्हणाला आणि मोरीतच खाली बसला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला त्याच्या बायकोचा फोन आला. ती फक्त "भाऊजी, या" म्हणाली, आणि मी पायात दोन वेगळ्या चपला घालून धावलो. स्मशानात त्याच्या गावाकडची माणसं आली होती. मी मागे उभा होतो. त्याच्या थोरल्या भावाने मला हाताला धरून पुढे नेलं. मला रडू आवरलं नाही. मी त्या माणसावर इतका रागावलो होतो, इतका. असं अर्ध्यात टाकून कोणी जातं का?

मग कचेरीतून निरोप आला, परवानगी मंजूर. या, दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतील.

मी एकटाच गेलो. साहेबांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि समोरची फाइल मिटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, की ही परवानगी फर्मच्या नावावर आहे. फर्म दोघांची. दोघांतला एक गेला की कायद्याने फर्मच उरत नाही. त्यामुळे ही परवानगी आता कुणाचीच नाही. तुम्ही भागीदारी संपुष्टात आल्याचं लिहून द्या, एकट्याच्या नावाने अर्ज करा. माल तोच आहे, तपासणी झालेली आहे, मी लवकरात लवकर करून देतो.

"मी असलं काही लिहून देणार नाही," मी म्हणालो. "भागीदारी संपली असं कोण म्हणतं?"

"कायदा म्हणतो हो," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, दिसत होतं. मी तरी टेबलावर हात आपटला आणि तिथून निघालो. खिडकीवरच्या बाई उभ्या राहिल्या होत्या.

नको पाठवायला खत, असं मी ठरवलं. बागवाल्याला तसं कळवतो, असं वहिनींना सांगायला कात्रजला गेलो. वहिनींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, हे रोज सकाळी उठून आधी विचारत, आली का परवानगी. चहाच्या आधी. मले कायद्यातलं काही समजत नाही. पण आता आलेली तुम्ही परत करसान, तर मी ह्यांच्या फोटोले काय सांगू? लिहून द्या न." त्यांच्यापुढे माझा राग काय चालणार?

मी लिहून दिलं. 'भागीदाराच्या निधनामुळे आमची भागीदारी संपुष्टात आली आहे.' एवढंच वाक्य. त्या एका वाक्याला मी सबंध दुपार घेतली. आयुष्यात इतकं खोटं मी कधी लिहिलं नाही, आणि सरकारदरबारी तेवढं एकच खरं होतं. साहेबांनी शब्द पाळला. नवीन परवानगी आली, एकट्याच्या नावाची.

परवानगीवर जे नाव, तेच पोत्यावर लागतं. जुन्या पोत्यांवर आमच्या दोघांची आडनावं जोडून छापलेलं फर्मचं नाव होतं. ती सगळी पोती उलटी केली आणि माल नव्या पोत्यांत भरला. ट्रक भरायच्या दिवशी वहिनी आल्या. मी येऊ नका म्हटलं होतं, तरी आल्या. डोक्यावर पदर घेऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या, हमाल पोती उचलत होते ते बघत राहिल्या. मग एका पोत्यापाशी गेल्या. त्यांना हळूहळू वाचता येतं. त्यांनी बोट फिरवत छापलेली अक्षरं वाचली, पोतं वळवून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "याच्यात हे कुठं हायत?"

मी हमालांवर ओरडलो, "बघत काय राहिलात? उचला ना!"