वर्सोवा ते मढ: एका कॉलला वाट करून द्यायला

नयनाचा फोन आला तेव्हा मी विक्रोळीत एका गच्चीवर इंटरनेटची डिश आवळत होतो.

"पहिल्या इंटरव्ह्यूत माझा चेहराच अडकला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना वाटलं झोपले मी. एक चान्स अजून देतायत, गुरुवारी तीनला. बंगळूरची नोकरी आहे. येऊन नेट नीट करशील?"

"म्हणजे तुला जायला रस्ता मीच करून देऊ?"

"नसेल जमत तर सांग, दुसरा माणूस बघते." फोन कट.

दुसरा माणूस म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. गुरुवारी सकाळी पाठीला बॅग मारली.

नयना मढच्या कोळीवाड्यातली. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. तिने पूर्ण केलं. आता मी वायरलेस इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. माझं तिच्यावर प्रेम आहे हे तिला माहीत आहे. त्यावर तिचं म्हणणं काय, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

निघताना आई दारात. "खंय चल्लस?"

"मढला. काम आहे."

"परत त्या चेडवाकडे? एकदा काय ता विचारून टाक रे, नायतर गप घरात बस."

तर रस्ता सांगतो. घाटकोपरहून मेट्रोने थेट वर्सोवा, तिथून रिक्षाने जेट्टी. जेट्टीवरून फेरीबोट, तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. बाईकही चढवतात. मालाडवरून मार्वेमार्गे रस्ता आहे, पण तो सगळा वळसा. बोटीने खाडी बोलता बोलता पार होते. फक्त पांढरे बूट घालून जाऊ नका. माझे गेले.

बोटीत लोक फोटो काढत होते. आभाळ राखाडी, पाणी त्याहून राखाडी, आणि ओल्या मासळीचा वास. शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, "काय रोमँटिक आहे ना!" मी तोंड फिरवलं.

मढला उतरल्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. पुढे बंगले, शूटिंगला भाड्याने दिलेले. बाहेर व्हॅन, जनरेटर, खुर्च्या. नयनाचं घर त्यांच्या मागच्या गल्लीत.

"आयलास? बस," तिची आई, म्हणजे माझ्यासाठी मावशी, म्हणाली. "ही सकालपासून जेवली नाय. तू तरी सांग तिला."

नयना इस्त्रीचा शर्ट घालून बसली होती. खाली घरातलाच गाऊन. "हसू नकोस," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात वरचंच दिसतं."

मी हसलो नव्हतो. ती छान दिसत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

मढला बंगला घेऊन चार दिवस तिथून ऑफिसचं काम करावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे नीट वाचा. आमचं नेट तिथे केबलने जात नाही. गावात एका उंच गच्चीवर टॉवर आहे, तो प्रत्येक घरावरच्या डिशशी हवेतून बोलतो. हवा एकच, वाटेकरी सगळे. सिनेमा बघताना जरा थांबलं तर चालतं, पुढचं थोडं आधीच येऊन साठलेलं असतं. व्हिडिओ कॉलला साठवायची सोयच नाही. क्षणभर उशीर झाला की चेहरा दगड. आणि कॉलमध्ये आपला चेहरा जातो अपलोडने. तुम्हाला समोरचे झकास दिसतात, तुम्ही त्यांना दिसत नाही. लोक महागडा प्लॅन घेतात आणि तरी रडतात. बंगला घेताना मालकाला स्पीड विचारू नका. अपलोड किती आणि कॉलला बाकी सगळ्यांच्या पुढे सोडता का, ते विचारा.

नयनाच्या कॉलला मी आधीच पुढे सोडलं होतं. तिच्या घरावर डिश बसवली त्याच दिवशी, टॉवरच्या राऊटरवर. खरं सांगायचं तर आताचं काम विक्रोळीत बसूनही झालं असतं. मला तिला बघायचं होतं.

मी ओट्यावर जाऊन तिला फोनवर व्हिडिओ कॉल लावला. चेहरा आरशासारखा स्वच्छ. पापणीसुद्धा वेळेवर हलत होती.

"दिसतोय का मी?" मी विचारलं.

"दिसतोयस. दाढी कर."

"पहिल्या इंटरव्ह्यूला शेजारी शूटिंग होतं का?"

"रोजच असतं. आजही आहे."

मग तीन वाजले. तिने लॅपटॉप उघडला, मावशीने मिक्सर बंद केला, मी कोपऱ्यात माझा लॅपटॉप घेऊन खाली बसलो. पलीकडून बाईंचा आवाज आला, "नाव सांगा." नयनाने सांगितलं. दोन प्रश्न नीट गेले. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, "हॅलो? तुमचा व्हिडिओ थांबलाय."

नयनाने माझ्याकडे पाहिलं.

मी टॉवरचा राऊटर उघडला. शूटिंगच्या बंगल्यातून एक भलं मोठं अपलोड चाललं होतं. त्याच्या पुढे माझा नियम होता: नयनाचा फोन सगळ्यात आधी. तिचा फोन. ज्यावर मी बोलतो तो. आणि इंटरव्ह्यू चालला होता लॅपटॉपवर, त्यामुळे तो सगळ्या गावाबरोबर बंगल्याच्या मागे अडकला होता. आधी तपासलं तेही फोनवरच, आणि तेही मी तिला दिसतो का एवढंच.

त्या क्षणी मला कळलं की काहीच केलं नाही तरी चालेल. नुसतं बसून राहायचं. बाई कंटाळतील, चान्स जाईल, नयना मढलाच राहील. कोणी मला विचारणार नाही. नेटचं काय, नेट जातंच.

"अजून थोडं थांबते मी," बाई म्हणाल्या. "मग मात्र..."

नयनाचा हात टेबलाखाली होता. गाऊनचा कपडा तिने मुठीत धरला होता.

मी तिच्या फोनचा नियम पुसला. नवा टाकला: कोणाचाही असो, कोणत्याही यंत्रावरचा असो, व्हिडिओ कॉल आधी, बाकी सगळं त्याच्या मागे.

"हां, आता दिसताय," बाई म्हणाल्या. "छान. पुढचा प्रश्न."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. जरा वेळाने गळ्यात वॉकीटॉकी लटकवलेला एक माणूस गल्लीत धावत आला. "भाऊ, नेटवाले तुम्हीच ना? आमचा आज रात्रीचा एपिसोड अडकला! चॅनलवाले कच्चा खातील यार!"

"जाईल. हळू जाईल."

"अरे, सासू रडते तोच सीन आहे!"

"अर्धा तास उशिरा रडली तर मरत नाही ती!" मी उठलोच. "इथे आत एक मुलगी बोलतेय. आवाज खाली कर, नाहीतर तुझं सगळंच बंद करतो."

तो मागे सरला. मग शेजारी टेकला, सिगरेट पुढे केली. "बायको का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने पुढे विचारलं नाही. त्याबद्दल त्याचे आभार.

नयना बाहेर आली तेव्हा हसत होती. "झालं रे. एकदाही अडकलं नाही नंतर. केलंस काय?"

"काय नाय. एक जुनी सेटिंग होती, काढली."

मावशीने कालवण वाढलं, ओले बोंबील, तांदळाची भाकरी. मढला गेलात तर हॉटेल शोधू नका, कोळीवाड्यात घरगुती जेवण विचारा. मला त्या दिवशी चव लागली नाही, पण दोष जेवणाचा नव्हता.

जेट्टीपर्यंत ती आली. "बंगळूरला येशील ना?" तिने विचारलं. ज्या आवाजात मावशी सगळ्यांना 'परत या' म्हणते, त्याच आवाजात. आईने विचारायला सांगितलेलं माझ्या ओठांवर आलं होतं. बोटवाल्याने दोर सोडला. मी चढलो.

ती आता बंगळूरला आहे. मी विक्रोळीत. बूट धुतले, मासळीचा वास गेला नाही. संध्याकाळी जेवणं झाली की कधीकधी मी मढचा राऊटर उघडून बसतो. अपलोड, सिनेमे, सगळे मागे थांबलेले असतात आणि एक कॉल पुढून सरळ निघून जातो. मावशी नयनाशी बोलत असेल. दुसरंही कोणी असेल.

कोणाचा ते तिथे दिसत नाही. मीच तसा नियम करून ठेवलाय.