आधी मावशीला दाखवा

जानेफळात मुलाचं नाव शाळेत घालायचं तर तीन गोष्टी लागतात: जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड आणि माझी मावशी. पहिल्या दोन नसल्या तर गुरुजी पंधरा दिवसांची मुदत देतात. मावशीनं पाहिलं नसेल तर मात्र "आधी सिस्टरले दाखवून या" म्हणून दारातूनच परत पाठवतात. असा नियम कुठल्याही सरकारनं काढलेला नाही. मावशी आरोग्यसेविका होती, रीतसर निवृत्त झाली, निरोपाचा नारळही घेतला; पण निवृत्तीचं पत्र तिनं शेवटपर्यंत वाचलं असावं असं मला वाटत नाही.

शाळा उघडायच्या आधी आठवडाभर ती विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसते. सरकारी कार्डावर नुसत्या लसी असतात. मावशीच्या यादीत नखं, दात, उवा, जंताची गोळी आणि आईचा चेहरा इतकं सगळं असतं. "लेकराचं अर्धं दुखणं मायच्या तोंडावर दिसते," असं म्हणून ती पुष्कळदा आईलाच जास्त वेळ तपासते. कान बघायची तिची रीत म्हणजे मुलाच्या मागे उभं राहून अगदी हळू विचारायचं, "गूळ कोनाले पाह्यजे?" मान वळली की पास. डोळ्यांसाठी समोरच्या बांधावरच्या बकऱ्या मोजायला लावते. एकदा एका मुलीनं एकच बकरी सांगितली, मावशीला तीन दिसत होत्या. बाप म्हणाला, "सिस्टर, बकऱ्या आपल्या नाहीत, मोजून काय करते ते?" मावशीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बापलेकीला एसटीत घालून मेहकरला नेलं आणि चष्मा करून आणला. पोरगी चष्मा लावून ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "तीन नाही, चार हायेत. एक निजून हाय." हे सांगताना मावशी आजही तोंडाला पदर लावून हसते.

तिला लग्नकार्याला नेणं म्हणजे जिवाला घोर. आहेर द्यायला मांडवात चढली की ती आधी नवरदेवाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणार. "फिक्का हाय. मेथी खाऊ घाला याले," असं तिनं भर मांडवात नवरीला बजावलेलं मी ऐकलं आहे. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. नवरदेव मात्र मुकाट उभा होता, कारण त्याच्या डाव्या दंडावरचा लसीचा वण तिच्याच हातचा होता.

माझं नावही तिनंच शाळेत घातलं. वडिलांच्या बदल्या चालू होत्या, म्हणून मी तिच्याकडे राहायला होते. तिला स्वतःचं मूल नव्हतं, तेव्हा आता तरी ती नियमाला बगल देईल असं गुरुजींना वाटलं असेल. कसलं काय! माझा कान वाहतो म्हणून तिनं मला आठ दिवस घरी बसवलं. गावातली सगळी पोरं शाळेत आणि मी तिच्या मांडीवर डोकं टेकून कानात थेंब घालून घेते आहे. तिच्या पांढऱ्या साडीला स्पिरिटचा वास यायचा. त्या आठ दिवसांसाठी मी आजही माझं सगळं शिक्षण परत करायला तयार आहे.

माझी लेक पहिलीत जायची झाली तेव्हा मावशीचा पुण्याला फोन आला. "नाव घालायच्या आंधी पोरीले माह्याजवळ आन. एक दिवस पुरे." मी हो म्हटलं. मग ऑफिस, मग लेकीचा डान्स क्लास. तेवढ्यात शाळेची शेवटची तारीख आली. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता 'तंदुरुस्त' लिहून दिलं, मी शाळेच्या ऑनलाइन फॉर्मात लसीकरणाच्या कार्डाचा फोटो चढवला, उंची-वजन भरलं आणि दहा मिनिटांत काम फत्ते. मावशीला फोनवर सांगितलं. "कोन पाह्यलं तिले?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी, म्हटलं. "मंग ठीक हाय," ती म्हणाली.

दिवाळीत गेलो. यंदा शाळा उघडताना ओट्यावर दोघंच मुलं आली होती, बाकीची व्हॅननं मेहकरच्या शाळांत जातात, असं शेजारणीनं सांगितलं. मी लेकीला पुढे ढकललं. "मावशी, बघ ना हिला."

"आता काय पाहू, बाई? शाळेत गेलेलं लेकरू मी पाह्यत नाही. ते आता मास्तरचं." रागानं नाही म्हणाली. तिनं लेकीला करंज्या दिल्या, वेणी घातली, तीन दिवस तिच्याशी पत्ते खेळली. पण नख उलटून बघितलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी चाळिशीची बाई, तिच्याकडून एकदा ओरडा खायला आसुसले होते.

निघताना ती स्टँडवर आली. एसटीची पायरी उंच म्हणून तिनं लेकीला काखेत धरून उचललं. वर ठेवलं नाही. तशीच धरून क्षणभर उभी राहिली, डोळे मिटून. मागून लोक ढकलत होते.

"अठरा भरंन," ती मला म्हणाली. "बराबर हाय ना वं?"

फॉर्मात वजन मीच भरलं होतं. किती भरलं, ते मला आठवेना.

"हो मावशी," मी म्हटलं. "अठराच."