बरं वाटलं, हे म्हणायचं कुणी?

माझी धाकटी जाऊ त्रिशला लोकांच्या अंगावर हात ठेवते. तिच्या भाषेत ती ऊर्जा उपचार करते. कोल्हापुरात जाऊन दोनदा शिकून आली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. आमच्या कोगनोळीत मात्र सगळे 'हात ठेवून घ्यायला चाललोय' असंच म्हणतात. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मला असलं काही पटत नाही, आणि जे पटत नाही ते मी तोंडावर सांगते. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "हात ठेवून माणसं बरी झाली असती तर दवाखाने कशाला बांधले असते गं?" ती हसली. तिचं हेच मला खटकतं, भांडायला गेलं की हसते.

पण बाई प्रामाणिक, हे मानलं पाहिजे. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "डॉक्टरला दाखवलंय न्हवं?" दाखवलं नसेल तर आल्या पावली परत पाठवते. गोळ्या बंद करतो म्हणणाऱ्याला तर असं झापते की त्याची बोलतीच बंद. मग खाटेवर निजवते, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवते, आणि माणूस जे बोलेल ते तासभर ऐकून घेते. तिची खोली आमच्या गोठ्याला लागून. सगळं कसं शांत झालं, निजलेल्याचे डोळे मिटले, की पलीकडून म्हैस जी काय हंबरते! माणूस दचकून उठून बसतो. सहा वर्षं हेच चाललंय.

आता गेल्या महिन्यात निपाणीच्या योग केंद्राच्या सौम्या मॅडमनी तिला सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी एक खोली देते. अट एकच. बरं वाटलेल्या दहा माणसांनी मोबाईलसमोर आपल्या तोंडानं तसं सांगायचं, ते केंद्राच्या फेसबुकच्या पानावर टाकणार. "चिकोडीची एक बाई पण खोली मागतीय री. रविवारी संध्याकाळी ठरवून टाकते," असंही त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

त्रिशला नुसती तरंगत घरी आली. "खोलीला खिडकी हाय, आक्का. खाली गुलमोहर हाय. आणि म्हैस न्हाय!"

मी म्हटलं, पोरीनं सहा वर्षांत काही मागितलेलं नाही. खोली तिला मिळालीच पाहिजे. आणि ही मिळमिळीत, हिला चार लोकांना धरून बोलतं करायला जमायचं नाही. "दहा जणांचं मी लिहूनच देते, चांगल्या भाषेत, त्यांनी फक्त वाचायचं," मी सुचवलं.

"खोटं नको, आक्का. त्यांच्या तोंडचंच पाहिजे."

बरं बाई, तोंडचं तर तोंडचं. घेतला मोबाईल आणि निघाले.

पहिली नागुबाई, आमची शेजारीण. तिचा खांदा असा धरला होता की वेणी सून घालायची. डॉक्टरचे व्यायाम चालू होते आणि आठवड्यातून एकदा हिचा हात. मी मोबाईल धरला. "हं, सांग. कसा हाय खांदा?"

"काय सांगू बाई," नागुबाईनं चेहरा पाडला, "हाय तसाच हाय. कशाचं काय."

आणि हे बोलताना दोन्ही हात वर नेऊन अंबाड्यात अबोलीचा गजरा माळत होती!

तिथनं नागोजीकडं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, घरी बसल्यावर झोपच उडाली होती. हायवेवरचा हॉर्न ऐकला की उठून बसायचा. मोबाईल बघून तो म्हणाला, "झोप? कुठली झोप आलीया आमच्या नशिबात!"

आतनं त्याची बायको जयाबाई ओरडली, "अवो, काल दुपारी एवढं घोरत होता की मला टीव्ही ऐकू येईना!"

"गप गं!" नागोजी तिच्यावर खेकसला. "मोबाईलम्होरं सांगतीस व्हय? लागू दे दृष्ट, मग बस माझ्या उशाला."

माझं डोकंच फिरलं. पण दोष कुणाला देणार? आमच्याकडं 'मी बरी आहे' असं कुणी म्हणतच नाही. तोंडातून बाहेर पडलं की दृष्ट लागलीच म्हणून समजा. पोरगी तालुक्यात पहिली आली तरी 'झालीया कशीबशी पास'. ऊस डोक्याच्या वर गेला तरी 'यंदा काय राम न्हाय'. आम्ही जैन, कर्माचा सिद्धांत लहानपणापासून पाठ, पण दृष्टीला भिण्यात आम्ही कुणाच्या मागं नाही. सगळ्यात मोठं कौतुक मिळालं ते चिकोडीकडच्या एका आजीचं. ती कानडीत म्हणाली, "परवा इल्ला," म्हणजे ठीक आहे, वाईट नाही. त्यातही नंतर जीभ चावली.

शनिवारपर्यंत नऊ जणांचं झालं. आजी सोडली तर बाकी सगळ्यांचं रडगाणंच. मी एकेकाला झापलं, वर्गात झापावं तसं. "अहो, हिची खोली जाईल की! बरं वाटलं एवढं दोन शब्द म्हणायला तुमची जीभ झडती काय?" सगळे मान खाली घालून उभे.

"एक कमी पडतंय, आक्का," त्रिशला म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

"मग? मी काय करू?" मी उसळले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा नुकताच झालेला होता.

रविवारी चार वाजता आम्ही दोघी निपाणीला गेलो. सौम्या मॅडम भल्या बाई, पण कामात सावकाश. आधी सरबत, मग कुणाचा तरी फोन. आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यामुळं माझं लक्ष सारखं खिडकीकडं. खिडकी मात्र खरोखर छान होती, गुलमोहरासकट. त्रिशला हळूच उठून तिच्या गजाला हात लावून आली.

मॅडमनी एकेक बघायला सुरुवात केली. चौथ्याला त्यांनी चष्मा काढला. "काय री हे? या तर सगळ्या तक्रारी झाल्या. इथं कुणालाच बरं वाटलेलं नाही."

"मॅडम, आवाज बंद करा आणि बघा," मी म्हटलं.

त्यांनी आवाज बंद केला. नागुबाईचे दोन्ही हात डोक्याच्या वर. नागोजीचा चेहरा कसा टवटवीत, आणि मागं तोंडाला पदर लावून हसणारी जयाबाई. मॅडमना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, "मला पटलं हो. पण मुका व्हिडिओ पानावर कसा टाकू? एकानं तरी तोंडानं म्हणायला पाहिजे की."

त्रिशलानं मोबाईल पर्समध्ये ठेवला, चेन ओढली आणि म्हणाली, "चला आक्का, जेवायची वेळ व्हायला लागली." आणि हसली. ते हसू बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. गावाला दोन दिवस शिव्या घालत फिरले, आणि सगळ्यात मोठी भित्री मीच की!

"थांब," मी ओरडलेच. "मॅडम, तुमचा मोबाईल लावा. नीट धरा, हलवू नका."

मॅडमनी घाबरून धरला.

"मी तारामती पाटील. मला हे असलं पटत न्हाय, आजबी पटत न्हाय. गेल्या वर्षी आमचे मालक, कलगोंडा पाटील, गेले. पाव्हणं आलं, गेलं, आणि मला रडूच येईना. झोप न्हाय, भूक न्हाय. पाच महिने. डॉक्टरनं गोळी दिली, ती घेत होते. एक दिवस मी हिच्याशी भांडायला गेले, म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून. हिनं मला खाटेवर बसवलं आणि डोक्यावर हात ठेवला. ऊर्जाबिर्जा मला काय कळली न्हाय. हात गरम होता, एवढं कळलं. ताप आला की मालक असाच हात ठेवायचे. मी रडले. लई रडले. मग तिथंच झोपले, म्हैस हंबरत होती तरी. त्याच्यानंतर नऊदा गेले, भर दुपारी, गल्लीत कुणी नसताना. चोरून! आणि गावात सांगत सुटले, हिला काय येत न्हाय म्हणून. मला बरं वाटलं. ऐकलं न्हवं? बरं वाटलं. लागू दे दृष्ट लागायची ती."

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला, डोळे पुसले आणि ड्रॉवरमधनं खोलीची किल्ली काढली. "मंगळवारी दहाला या री," त्या त्रिशलाला म्हणाल्या. त्रिशलानं किल्ली घेतली आणि आधी खिडकीकडं बघितलं.

दिवस मावळायच्या आत कसंबसं घर गाठलं, चार घास खाल्ले. हात धुऊन येते तर त्रिशला मुठीत मीठ-मोहरी घेऊन उभी.

"बसा, आक्का."

"लागू दे म्हटलं न्हवं मी?"

"तुम्ही म्हटलं. मी न्हाय म्हटलं. बसा."

मी बसले. तिनं तीनदा उतरवलं, चुलीत टाकलं, मोहरी तडतडली. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. दार सताड उघडं होतं, रस्त्यावरनं नागुबाई डोकावून बघत होती.

"काय बाई, कसं काय?" तिनं विचारलं.

"बरी हाय," मी म्हटलं, आणि तो हात तसाच राहू दिला.