भोंगा सरांचा घसा बसला तेव्हा

शाळेसमोर, रस्त्यापलीकडे एक सलून आहे. तिथला सलूनवाला दहावीपर्यंत कधी पोचला नाही, पण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता तो ते सांगतोही. यात त्याचं कर्तृत्व काही नाही. सगळी करामत दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या सरांच्या आवाजाची.

मुलं त्यांना भोंगा सर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण सरांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. वर्गाचं दार लावलं काय नि उघडं टाकलं काय, फरक पडत नसे. शेजारच्या वर्गात भूगोलाच्या बाई नदीचा उगम सांगत असल्या की मधूनच सरांच्या वर्तुळाची एखादी जीवा भिंत फोडून येई आणि त्यांच्या नदीला छेदून जाई.

शिकवण्याची सरांची एक तऱ्हा होती. "या कोनाचं माप किती? साठ अंश! का बरं साठ? कारण त्रिकोण समभुज! आहे की नाही सोपं?" प्रश्न, उत्तर आणि शाबासकी, तिन्ही एकाच श्वासात. मुलांनी फक्त माना डोलवायच्या. घरी बायको म्हणे, "विचारणारे तुम्ही, सांगणारे तुम्ही. मग ती पोरं कशाला बसवलीत, शोभेला?" सर हसून सोडून देत. सरांचे निकाल चांगले लागत होते. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, आणि यंदाचा दहावीचा वर्ग हा त्यांचा शेवटचा.

आणि नेमका त्याच वर्षी घसा बसला.

आधी आवाज चिरका झाला, मग फाटका, मग एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. "आयुष्यभर ओरडलात ना? आता महिना-दीड महिना एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो."

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "महिना नक्की ना? दोन केलेत तरी माझी हरकत नाही."

खरी पंचाईत शाळेत झाली. मुख्याध्यापिका बाई इतिहास शिकवणाऱ्या, शांत आणि शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "सर, गणित काही मूकनाट्य नाही. दहावीचं वर्ष आहे. वर्ग गणिताच्या नव्या सरांकडे देऊ या, तुम्ही विश्रांती घ्या."

नवे सर हुशार होते, वागायला गोड होते. सरांना त्यांच्याबद्दल राग असा नव्हताच. पण शेवटचा वर्ग हातातून जायचा म्हणजे ताट वाढून झाल्यावर पाट ओढून घेण्यासारखं. नातवाची जुनी पाटी ते बरोबर घेऊन आले होते. त्यांनी तीवर लिहिलं, 'एक संधी द्या.'

बाईंनी पाटी वाचली, मग सरांचा चेहरा वाचला. "बरं. दोन आठवडे बघू. मग मी स्वतः तासाला येऊन बसेन. मुलं अडलेली दिसली तर मात्र वर्ग बदलेन. चालेल?"

सरांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा नाकाच्या टोकावर आला.

पहिला तास म्हणजे फजितीच होती. सरांनी फळ्यावर एक वर्गसमीकरण लिहिलं आणि खडूनं वर्गाकडे खूण केली, सांगा, पुढे काय? मुलं वाट पाहत बसली. उत्तर नेहमीसारखं वरून पडेल अशी त्यांची पक्की खात्री होती. सर थांबले. मुलं थांबली. भिंतीपलीकडून एक नदी समुद्राला मिळाल्याचं स्पष्ट ऐकू आलं. शेवटी सरांनाच राहवलं नाही. त्यांनी सगळं गणित स्वतः सोडवलं, मुलांनी मुकाट उतरवून घेतलं. तास संपल्यावर जिन्यात एकाचं बोलणं सरांच्या कानावर पडलं, "भोंग्याचा सिनेमा मूक झालाय रे."

हा बोलणारा 'वकील'. साधं पेन मागितलं तरी हा आधी मुद्दे मांडणार. आणि शेवटच्या बाकावर असे 'पुटपुट'. ही मुलगी जे काही बोले ते स्वतःच्या ओठांशीच. वर्षभरात तिचा आवाज सरांनी ऐकला नव्हता. ऐकू येणार तरी कसा? त्यांच्याच आवाजातून जागा उरत होती कुठे!

सर घरी आले ते मान खाली घालून. बायको खिडकीशी विणत बसली होती. लेकीच्या तान्ह्या बाळासाठी स्वेटर चालला होता, एक बाही बाकी होती. सर समोर बसले आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, ही टाके एकाच कडेनं कमी करतेय. दोन्ही कडांनी करायला हवेत. बाही निमुळती व्हायच्या ऐवजी एका अंगाला कलत चालली होती, ढळढळीत. सरांचं तोंड उघडलं. त्यातून हवा आली. पाटी आतल्या खोलीत राहिली होती. उठायचा कंटाळा केला आणि बसून राहिले, पण जीव नुसता वर-खाली.

बायकोनं आणखी काही ओळी विणल्या. मग थांबली. बाही मांडीवर पसरली, मान इकडून तिकडे केली, पहिल्या बाहीवर ठेवून पाहिली. "अगं बाई! ही वाकडीच चाललीय की! त्या कडेला कमी करायचे विसरलेच मी!" आणि भराभर उसवायला लागली. चेहऱ्यावर वैताग असा नव्हताच, उलट काहीतरी हाती लागल्याचा आनंद. उसवता उसवता तिनं वर पाहिलं. "तुम्हाला दिसत होतं ना?"

सरांनी कबुलीची मान हलवली.

"मग घसा बसला तेच बरं झालं. नाहीतर पहिल्याच टाक्याला ओरडला असतात, आणि मी पुढच्या बाहीला पुन्हा तेच केलं असतं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग आत जाऊन पाटी घेऊन आले आणि लिहिलं, 'शाबास!' बायको म्हणाली, "शाबासकी राहू द्या, लोकरीचा गुंडा धरा."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात येऊन ठसठशीत अक्षरात लिहिलं: (a + b)² = a² + b². आणि हाताची घडी घालून खुर्चीवर बसले.

 आधी खुसखुस. मग वकील उभा राहिला. "सर, चुकलंय! मधे 2ab पाहिजे."

सरांनी खांदे उडवले. कशावरून?

"पुस्तकात आहे ना, सर!"

सरांनी मान हलवली. पुस्तक साक्षीला चालणार नाही. वकील गडबडला, बाजूच्यांकडे पाहू लागला. तेवढ्यात शेवटच्या बाकाजवळून कुणीतरी ओरडलं, "सर, ही काहीतरी म्हणतेय! अगं, मोठ्यानं बोल की!"

पुटपुट लाल झाली. पण आज वर्गात दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे तिचं पुटपुटणंही पहिल्या बाकापर्यंत पोचलं. "तीन आणि चार घालून बघा ना. सातचा वर्ग एकोणपन्नास. इकडे नऊ आणि सोळा, पंचवीसच होतात."

सर उठले, शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि खडू तिच्या हातावर ठेवला. मग पाटीवर लिहून सगळ्यांना दाखवलं, 'चोवीस कुठे गेले?'

ती फळ्यापाशी गेली. बराच वेळ नुसती उभी राहिली. सरांना आतून उकळ्या फुटत होत्या, उत्तर जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं, पण जीभच संपावर. शेवटी तिनं एक मोठा चौरस काढला, त्याच्या कडा तीन आणि चारमध्ये तोडल्या, आतून दोन रेघा मारल्या. एक छोटा चौरस, एक मोठा चौरस, आणि उरले दोन आयत. ती वळली, आणि या वेळी पुटपुटली नाही.

"या दोन खोल्या मोजायच्याच राहिल्या! बारा नि बारा!"

"अरे हो की!" वर्गात एकच गलका उठला. पुस्तकातलं ते 2ab वकिलानं शंभरदा लिहिलं होतं. आज पहिल्यांदा त्याला त्याच्या भिंती दिसल्या.

त्या दिवसापासून रोजचा खेळच झाला. सर फळ्यावर गणित मांडत आणि त्यात एक चूक लपवून ठेवत. मुलांनी तिचं नाव ठेवलं 'चोर'. नुसता चोर पकडून भागत नसे. कुठल्या ओळीत शिरला, कसा शिरला, हे फळ्यापाशी येऊन सांगावं लागे. त्याला वकिलानं नाव दिलं 'पंचनामा'. सर पाठमोरे उभे राहून चोर लपवायच्या नव्या नव्या जागा शोधत आणि मनातल्या मनात खो खो हसत. भूगोलाच्या बाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज बरा होता हो. तो एकट्याचा तरी होता!"

आणि ठरलेला दिवस उजाडला. मुख्याध्यापिका बाई पाठीमागच्या बाकावर, पुटपुटच्या शेजारी येऊन बसल्या. सरांनी ठरवलं होतं, आज चोर-शिपाई काही नको. स्वच्छ, नीटनेटका तास घ्यायचा, बोट ठेवायला जागा नको.

घरून पाटीवर लिहून आणलेलं उदाहरण त्यांनी फळ्यावर उतरवलं. आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा चार मीटरनं जास्त आहे, क्षेत्रफळ साठ चौरस मीटर, तर रुंदी किती? रुंदी x धरली. x² + 4x − 60 = 0. पुढची ओळ, अवयव: (x − 10)(x + 6) = 0.  म्हणून रुंदी दहा मीटर. खाली रेघ मारली आणि ते वळले.

मुलांचे डोळे चमकत होते. सरांना कळेना, हे असं का बघताहेत?

"चोर!" पुटपुट ओरडली. अगदी कानाशी ओरडल्यामुळे मुख्याध्यापिका बाई बाकावरून अर्ध्या उठल्या. "चोर? कुठाय?"

"तिसऱ्या ओळीत, बाई!" वकील तोवर फळ्यापाशी पोचलाही होता. "दहा मीटर रुंद, म्हणजे चौदा लांब. एकशेचाळीस होतात! सांगितलेत साठ. गुन्हा उघड आहे."

"थांब रे, पंचनामा माझा आहे," म्हणत पुटपुटनं त्याच्या हातून खडू घेतला. "वजा दहा गुणिले सहा, वजा साठ. ते बरोबर आहे, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण मधलं पद बघा. वजा दहा अधिक सहा म्हणजे वजा चार. आपल्याला अधिक चार पाहिजे. चोर घरातलाच आहे, फक्त टोप्यांची अदलाबदल केलीय." तिनं चिन्हं बदलली. (x + 10)(x − 6). "रुंदी सहा, लांबी दहा. साठ!"

"आणि दुसरं उत्तर वजा दहा येतं त्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

"वजा दहा मीटरची बाग शेजाऱ्याच्या अंगणात असते," वकील म्हणाला. वर्ग फुटला. मुख्याध्यापिका बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

सर मात्र फळ्याकडे पाहत जागच्या जागी खिळले होते. खरंच की. इतकी वर्षं शिकवून, आज नेमकी, चिन्हांची चूक.

बाई उभ्या राहिल्या. "वा, सर! चूक मुद्दाम पेरली होतीत ना?"

अख्खा वर्ग सरांकडे वळला. मुलांच्या चेहऱ्यावर केवढा तो विश्वास! नुसती मान हलवली की झालं असतं. वर्ग वाचला असता, अब्रू वाचली असती. सरांनी पुटपुटकडे पाहिलं. तिच्या बोटांना खडू लागला होता आणि एक बोट अजून त्या तिसऱ्या ओळीवर होतं.

सरांनी खडू उचलला आणि त्या ओळीपुढे लिहिलं, 'हा चोर खरा होता. मला दिसलाच नाही. धन्यवाद.'

 मग वकिलानं बाक वाजवला, आणि मग सगळ्या वर्गानं. "खरा पकडला! सरांचा खरा पकडला!" पुटपुट दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती.

मुख्याध्यापिका बाई फळ्यापर्यंत आल्या. "सर, मला तर खोटाही दिसला नसता," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ग तुमचाच राहू द्या. फक्त भूगोलाच्या बाईंची तेवढी समजूत तुम्ही काढा. पाटीवर."

पुढे यथावकाश घसा बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी बोलायची परवानगी दिली, पण बेतानं. बायकोनं विचारलं, "पहिलं वाक्य काय बोलणार?" सर म्हणाले, "बाही सुरेख झालीय." बायको म्हणाली, "हे पाटीवर लिहून ठेवा, पुरावा राहू दे."

वर्गात आल्यावर मात्र जुनी खोड उसळून आली. "या दोन त्रिकोणांत कोणती कसोटी लागते? बा—"

"शूऽऽ!" पुटपुटनं ओठांवर बोट ठेवलं होतं. सगळ्यांनीच ठेवलं होतं.

सरांनी 'बा' गिळला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी शाळेतून बाहेर पडले तर सलूनवाला हातात कात्री घेऊन दारात उभा. "सर, हल्ली तुमचा आवाजच येत नाही, नुसती पोरं ओरडतात. कित्येक दिवसांपासून डोक्यात भुंगा आहे. त्या बागेची रुंदी शेवटी निघाली किती?"

सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आत जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसले, गळ्याला कापड गुंडाळून घेतलं आणि आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाले, "केस कापा निवांत. आणि कापता कापता सांगा, तुम्हाला किती वाटते?"